गाणे ऐकून ड्रम्स उतरवताना किक ऐकूच येत नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाणे ऐकून त्यातले ड्रम्स स्वतःच उतरवून घेण्याचा प्रयत्न मी करतो आहे आणि ठरावीक ठिकाणी सारखा अडतो आहे. येथे ऑर्केस्ट्रात किंवा बँडमध्ये वाजवणारी मंडळी आहेत, म्हणून थोडे तपशिलात विचारतो.

मी मुलुंडला राहतो. लहानपणी काही वर्षे तबला शिकल्यामुळे मात्रा, सम, खाली या गोष्टी अंगात आहेत. ड्रम्स मात्र चाळिशीनंतर हाती घेतले. माझ्या क्लासमध्ये ग्रेड परीक्षांच्या पुस्तकांवरून शिकवतात आणि कागदावर लिहिलेले वाचून वाजवणे मला बऱ्यापैकी जमते. आता कार्यालयातले आम्ही काही जण मिळून जुनी हिंदी आणि मराठी गाणी बसवत आहोत. गाजलेल्या इंग्रजी रॉक गाण्यांचे ड्रम्स जसे छापील स्वरूपात सहज मिळतात, तसे या गाण्यांचे मिळत नाहीत. जे काही आहे ते ध्वनिमुद्रणात आहे आणि ते कानानेच काढावे लागणार आहे.

इमारतीत खरे किट वाजवणे शक्य नसल्याने घरी जाळीच्या पॅडचे इलेक्ट्रॉनिक किट घेतले आहे. (त्यातही किकच्या, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या, पेडलचा धक्का फरशीतून खालच्या मजल्यावर जातो, हे किट घेतल्यानंतरच कळते.) ऐकणे बहुतेक लोकलच्या प्रवासात, मोबाइलला जोडलेल्या ब्लूटूथ इयरफोनवर होते, घरी सराव करतानाही गाणे त्याच इयरफोनवर लावतो.

पहिली आणि सर्वांत मोठी अडचण किकची आहे. स्नेअर (काठीने वाजवायचा करकरीत आवाजाचा ड्रम) स्पष्ट ऐकू येतो, हाय-हॅटही (पायाने उघड-मिट होणारी झांजांची जोडी) बहुतेक वेळा सापडते, परंतु किक कुठे पडते हे बास गिटारच्या आवाजात इतके मिसळून जाते की मी जे लिहितो ते किकचे ठोके आहेत की बासचे स्वर, हे माझे मलाच सांगता येत नाही. दुसरी अडचण फिलची, म्हणजे अंतऱ्यावरून मुखड्यावर येताना ड्रमर जो छोटा रोल घेतो त्याची. तो सुरू कुठे झाला हे मला कळत नाही, आणि अंदाजाने वाजवला की समेवर येण्याऐवजी मी अर्धी मात्रा आधी किंवा नंतर उतरतो. तिसरी अडचण अशी की गाणे निम्म्या वेगाने लावले तर सोपे होईल असे वाटले होते, प्रत्यक्षात मात्र झांजांचा नुसता फेस होतो आणि पूर्वी जे ऐकू येत होते तेही पुसट होते.

कृपया ‘ऐकत राहा, आपोआप जमेल’ असे उत्तर देऊ नये. मला क्रम हवा आहे: आधी काय ऐकायचे, नंतर काय, आणि एखादी गोष्ट ऐकू येत नसेल तेव्हा नेमके काय करायचे.

प्रतिसाद

मी बरीच वर्षे ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) आणि ड्रम्स वाजवतो आणि आमच्याकडे सगळेच कानाने बसवले जाते, म्हणून उत्तर देण्याचे धाडस करतो.

सर्वप्रथम ब्लूटूथ सोडा. नुसते ऐकण्यासाठी ते चालते, पण सोबत वाजवताना त्यात आवाज सहज १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा कानात पोहोचतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात एका मात्रेचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे पाव मात्रेची तफावत उपकरणातच आहे आणि तुमचा हात अचूक असला तरी तो चुकीचाच वाटणार. समेवर न उतरण्याचे निदान काही अंशी येथेच असू शकते. तारेचा, कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्या आणि गाणे थेट किटच्या मोड्यूलमध्ये (पॅडचे आवाज काढणाऱ्या पेटीत) तारेने जोडा. जवळजवळ प्रत्येक इलेक्ट्रॉनिक किटला तशी जागा असते. मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर तर किक शोधूच नये, कारण किकचा भरीवपणा साधारण ५० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो आणि तेवढा खालचा आवाज तो इवलासा स्पीकर काढूच शकत नाही.

आता क्रम. कागद घ्या आणि पहिल्या ऐकण्यात कोणतेही वाद्य न शोधता फक्त गाण्याचा सांगाडा लिहा: सुरुवातीचे संगीत किती आवर्तने, मुखडा किती, मधले संगीत किती, अंतरा किती. बहुतेक चित्रपटगीतांत हे हिशेब चारच्या किंवा आठच्या पटीत बसतात आणि जेथे बसत नाहीत, जेथे एखादे आवर्तन जास्तीचे आहे किंवा अर्धेच आहे, तेथे खूण करून ठेवा, कारण कार्यक्रमात माणूस पडतो तो तेथेच. त्यानंतर एका ऐकण्यात फक्त स्नेअर. मग फक्त हाय-हॅट: ती मात्रेला दोनदा वाजते की चारदा, आणि कुठे उघडते. किक सर्वांत शेवटी. चारही गोष्टी एकाच वेळी ऐकायला जाणे हेच बहुतेकांचे अडण्याचे कारण असते. कानाला एका वेळी एकच प्रश्न विचारला तर तो बऱ्यापैकी खरे उत्तर देतो.

किक आणि बास वेगळे करण्यासाठी आधी बासची ओळ तोंडाने गुणगुणता येईल इतकी पाठ करा. हे उलटे वाटेल, पण बासला स्वर असतो आणि लांबी असते, किकला केवळ सुरुवात असते. बास पाठ झाला की त्याच्या स्वरांपैकी कोणता स्वर ‘ठप्प’ होऊन सुरू होतो आणि कोणता नुसता सरकत येतो, हा फरक ऐकू येऊ लागतो. ज्या स्वराला ठप्प आहे तेथे किक आहे. तरीही शंका राहिली तर ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये गाणे उघडून इक्वलायझरने (आवाजाचे खालचे-वरचे पट्टे कमी-जास्त करण्याच्या सोयीने) खालचा पट्टा कमी करा आणि २००० ते ४००० हर्ट्झचा भाग उचला. किकचा भरीव भाग बासमध्ये बुडालेला असला तरी पेडलचा गोळा कातड्यावर आपटल्याची टिचकी या वरच्या पट्ट्यात असते, आणि बास तेथे बराच क्षीण असतो. फार जुन्या ध्वनिमुद्रणांत ही टिचकीही मंद असते. तेथे बासच्या मुख्य स्वरांबरोबर किक ठेवा आणि पुढे जा. ऐकणाऱ्यालाही त्याहून जास्त ऐकू येत नसते.

वेग कमी करण्याबद्दल. सॉफ्टवेअर जेव्हा स्वर तोच ठेवून वेग घटवते, तेव्हा ते आवाजाचे तुकडे ताणून एकमेकांत मिसळते आणि त्यात ठोक्याची धार बोथट होते. झांजांचा फेस होतो तो त्यामुळे. म्हणून ७५ टक्क्यांच्या खाली शक्यतो जाऊ नका. त्याहून हळू हवे असेल, तर स्वरासकट वेग उतरवा, जुनी टेप हळू फिरवल्यासारखा. निम्म्या वेगाला सगळे एक सप्तक खाली जाईल, गायक राक्षसासारखा वाटेल, पण प्रत्येक ठोका सुटा राहील. फिल आणि हाय-हॅटसाठी ही युक्ती उत्तम आहे. किकसाठी मात्र वापरू नका, कारण ६० हर्ट्झचा आवाज ३० वर जातो आणि जो थोडाफार ऐकू येत होता तोही नाहीसा होतो.

फिल शेवटाकडून मोजा. जेथे क्रॅश झांज वाजते ती बहुधा सम. ती आधी पक्की करा आणि तेथून मागे या. बहुतेक फिल शेवटच्या एका मात्रेचे, दोन मात्रांचे किंवा पूर्ण चारांचे असतात. त्याची लांबी ठरली की मात्रेत ठोके तीन आहेत की चार, एवढेच उरते. तुम्ही तबला शिकला आहात, तेव्हा ‘तिरकिट’ आणि ‘तकिट’ दोन्ही म्हणून पाहा. जे गाण्यावर चपखल बसेल ते बरोबर. कोणता ठोका कोणत्या टॉमवर (किटमधल्या लहान-मोठ्या बाकीच्या ड्रमवर), हा प्रश्न त्यानंतरचा, आणि खरे सांगायचे तर तो सर्वांत कमी महत्त्वाचा. तोंडाने फिल बिनचूक म्हणता येईपर्यंत काठ्या हातात घेऊ नका.

प्रतिसाद

वरील उत्तराशी सहमत आहे, पण जुन्या हिंदी गाण्यांच्या बाबतीत एक मूलभूत गोष्ट राहून गेली आहे असे वाटते. आपण ज्याला ‘या गाण्यातले ड्रम्स’ म्हणतो, ते पुष्कळदा एका माणसाने एका किटवर वाजवलेले नसतेच. राहुलदेव बर्मन यांच्या १९७० च्या दशकातल्या वाद्यवृंदाचे उदाहरण घ्या: ड्रम्सवर फ्रँको वाझ, तबल्यावर मारुतीराव कीर, मादल या नेपाळी ढोलकीवर रणजित गजमेर, रेसो-रेसो या खरवडून वाजवायच्या वाद्यावर अमृतराव काटकर, शिवाय होमी मुल्लन यांच्यासारखे तालवादक. आपल्या कानावर जो ठेका पडतो तो या सर्वांच्या हातांचा मिळून झालेला असतो. तुम्हाला हाय-हॅट वाटते ती पुष्कळदा रेसो-रेसो किंवा शेकर असते, आणि किक वाटते ती ढोलकच्या डाव्या बाजूची घुमारी असते. जी किक मुळात वाजवलेलीच नाही ती इक्वलायझरने कशी सापडणार?

म्हणून उतरवण्याआधी ठरवा की या गाण्यात किट मुख्य आहे की ढोलक-तबला मुख्य आहे. तुमच्या चमूत तबला किंवा ढोलकी वाजवणारे कोणी असेल, तर तुमचे काम निम्म्याने कमी होते: हाय-हॅट, समेवर किक, आणि जागा असेल तेथे स्नेअर. कोणी नसेल तर मूळ तालाचा सारांश किटवर आणावा लागेल आणि तेथे तुमचा तबला थेट कामाला येईल. केरव्याचे ‘धागेनाती नकधिन’ मनात ठेवा. आठ मात्रांच्या या चक्रात पाश्चात्त्य पद्धतीचा सर्वपरिचित स्नेअर तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर, म्हणजे ‘ना’ आणि ‘धि’वर पडतो. पहिल्या ‘धा’वर किक ठेवा, आणि डग्ग्याची किंवा ढोलकच्या डाव्या बाजूची आणखी जी घुमारी ठळक ऐकू येईल तेथेही. दादऱ्यात पहिल्या मात्रेवर किक आणि खालीच्या चौथ्या मात्रेवर स्नेअर एवढ्यावर बहुतेक गाणी उभी राहतात. मात्र दर मात्रेवर हाय-हॅट सारख्याच जोराने वाजवली तर दादरा कवायतीसारखा होतो. पहिली आणि चौथी उचलून बाकीच्या हलक्या ठेवा.

स्टिरिओ ध्वनिमुद्रण असेल तर आणखी एक सोपी तपासणी करता येते. डावा आणि उजवा कान आळीपाळीने बंद करून ऐका. बाजूला ठेवलेली शेकर, कोंगा यांसारखी वाद्ये एका कानात ठळक होतात. किक, स्नेअर, बास आणि गायक बहुधा मध्यभागी, म्हणजे दोन्हीकडे सारखे असतात. एक बाजू उलटी करून दुसरीत मिसळली, तर मध्यभागचे बरेचसे पुसले जाते आणि कडेची तालवाद्ये उघडी पडतात. मोनो ध्वनिमुद्रणात याचा उपयोग नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. तारेचा हेडफोन थेट मोड्यूलला जोडल्यावर उतरण्याची जागा बरीच सुधारली. जे गाणे मला सर्वांत अवघड वाटत होते त्यात एक कान बंद करून ऐकल्यावर स्पष्ट झाले की मी ज्याला हाय-हॅटचे गुंतागुंतीचे काम समजत होतो ते दोन वेगवेगळे वादक आहेत. बासची ओळ पाठ करण्याचे काम चालू आहे. तेवढ्याने सुरुवातीच्या संगीतातली किक सापडली, अंतऱ्यातली अजून नाही.

दोन उपप्रश्न उरतात. एक, गाण्यातून वाद्ये वेगळी काढून देणारी जी नवी सॉफ्टवेअर आली आहेत, ती वापरावीत का? दोन, जुन्या गाण्यांची लय मध्येच किंचित चढते, त्यामुळे मेट्रोनोम लावला की काही आवर्तनांतच तो आणि गाणे वेगळे होतात. अशा गाण्याचा सराव कशावर करावा?

प्रतिसाद

ऑक्टोपॅडवाला पुन्हा. वाद्ये वेगळी करणारी सॉफ्टवेअर वापरा, पण आधी स्वतः लिहून काढा आणि नंतर पडताळणीसाठी लावा. स्प्लीटर (Spleeter) २०१९ मध्ये आले, डेमक्सही मोफत आहे. दोन्हींत गायन, ड्रम्स, बास आणि बाकीचे अशी चार भागांची विभागणी मिळते. मात्र त्यांच्या लेखी ‘ड्रम्स’ म्हणजे ठोक्याचे सगळेच, त्यामुळे ढोलक, कोंगा, शेकर बहुधा त्याच भागात येतात आणि किट वेगळे काढण्याचा तुमचा मूळ प्रश्न तसाच राहतो. उलट बासचा भाग बंद करून बाकीचे ऐकण्यासाठी ते फार उपयोगी आहे; अंतऱ्यातली किक तेथे पाहा.

लय चढण्याचे कारण साधे आहे. सगळे वादक एका वेळी, क्लिक (कानात मेट्रोनोमचा ठोका) न लावता वाजवत असत आणि मुखड्यावर येताना सगळे मिळून थोडे पुढे सरकत. मेट्रोनोमवर फक्त ठेका आणि फिल सुटे सुटे घोटा. पूर्ण गाण्याचा सराव मूळ ध्वनिमुद्रणावरच करा आणि लय कोठे चढते ते सांगाड्याच्या कागदावर बाण काढून नोंदवा. तालमीत मात्र ते बाण आधी गायकाला दाखवा, कारण त्याने मूळ गाणे ऐकून ती चढ नकळत उचललेली असेल आणि तुम्ही एकटेच सरळ लयीत राहिलात तर ठेका मागे ओढल्यासारखा वाटेल.