मदत हवी आहे: मुंबई ते न्यूयॉर्क, आईबाबांसाठी थेट विमान की मध्ये थांबा?

नमस्कार मंडळी. आईबाबा पहिल्यांदाच न्यूयॉर्कला ताईकडे निघालेत, मेमध्ये. दोघेच. बाबांचे गुडघे दुखतात, एका जागी फार वेळ बसवत नाही, त्यामुळे मला खरंच काळजी लागली आहे.

मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. थेट विमानाला जाताना पंधरा-सोळा तास किंवा थोडे जास्तच लागतात, कारण पश्चिमेकडे जाताना वारा समोरून असतो. दुबईमार्गे पहिला टप्पा जेमतेम तीन तासांचा, पण पुढे पुन्हा चौदा तास बसायचंच, म्हणजे बाबांना फायदा काय? लंडनमार्गे मात्र साधारण ७,२०० आणि ५,५०० किलोमीटर असे दोन तुकडे पडतात. एकूण अंतर फारसं वाढत नाही, आणि मध्ये पाय मोकळे करता येतात. माझा कल तिकडेच आहे.

पण हीथ्रोवर विमान बदलणं इंग्रजी कमी बोलणाऱ्यांना झेपतं का? व्हीलचेअर सांगितली तर माणूस पुढच्या गेटपर्यंत सोबत राहतो का? थांबा किती तासांचा ठेवावा? ज्यांनी आपल्या आईवडिलांना असं पाठवलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा. तिकीट याच आठवड्यात काढायचं आहे.