शब्दचर्चा : 'कोझी मिस्टरी'ला मराठीत काय म्हणायचं?

नमस्कार मंडळी. आमच्या गावात (फोंडा तालुका) देवळाच्या अग्रशाळेत (म्हणजे धर्मशाळेत) मंडळाचं छोटं वाचनालय आहे, एकच खोली, पाच कपाटं, संध्याकाळी दोन तास उघडं असतं, आणि पुस्तकांची यादी करायचं काम माझ्याकडे आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत पणजी-मडगावला शिकणारी गावची मुलं वाचून झालेली इंग्रजी पुस्तकं आणून देतात, त्यात कोझी मिस्टरी म्हणतात त्या कादंबऱ्यांचा वेगळा ढीगच झालाय. कपाटावर मराठीत चिठ्ठी लावायचीय. नुसतं 'रहस्यकथा' लिहिलं तर शेजारच्या कपाटात बाबुराव अर्नाळकरांच्या धाडसी रहस्यकथा, झुंजार आणि काळा पहाड, आहेत त्यांच्याशी गल्लत होते, आणि झुंजार मागणारा वाचक हे पुस्तक दुसऱ्याच दिवशी परत आणतो. दोष त्याचाही नाही न् पुस्तकाचाही नाही, चिठ्ठीचा आहे. म्हणून विचारतेय, नेमका शब्द कोणता?

ज्यांनी वाचलेल्या नाहीत त्यांच्यासाठी, ह्या कादंबरीत खून होतो पण तो सहसा पानावर दिसत नाही, प्रेत सापडतं तिथून गोष्ट सुरू. तपास करणारा पोलीस नसतो, बहुतेकदा गावातलीच कोणीतरी बाई, निवृत्त नर्स, चहाचं दुकान चालवणारी, शब्दकोडी रचणारी. गाव लहान, माणसं मोजकी, सगळे एकमेकांना ओळखतात. गंमत बघा, मराठीत आपण 'खून' म्हणतो तो शब्द फारसीतला आणि तिथे त्याचा अर्थच रक्त, आणि हा असा प्रकार की ज्यात खून आहे पण रक्त नाही. तेव्हा शब्द शोधायला बसलं की पहिल्याच पायरीला अडखळायला होतं.

शब्दकोशात कोझीला 'उबदार' दिलंय. मला तो पटत नाही. मूळ शब्द स्कॉटलंडकडचा, थंडीच्या मुलखातला, बाहेर गारठा आणि आत शेकोटी, त्यांना ऊब म्हणजेच सुख. आमच्याकडे ऊब म्हणजे दुलई, बाळाचं दुपटं, अंड्यांवर बसलेली कोंबडी. एप्रिल-मेमध्ये माणूस सुख म्हणून गारवा शोधतो. मायेची ऊब आपण म्हणतो हे खरं, पण ती एका माणसाची दुसऱ्याला, 'उबदार खून' किंवा 'उबदार रहस्यकथा' वाचलं की भाषांतर केलंय हे लगेच कळतं.

'घरगुती रहस्यकथा' एकाने सुचवलं. तो तर उलटाच होईल, कारण नवरा-बायकोच्या संसारातच विष कालवलेलं असतं अशा काळ्या कादंबऱ्यांचा इंग्रजीत वेगळा प्रकार आहे, डोमेस्टिक नॉयर, घरगुती म्हटलं की वाचक तिकडे जाणार. 'सौम्य' म्हटलं की ताप आठवतो. 'सात्त्विक' म्हटलं की जेवण.

'हलकीफुलकी' ह्या शब्दावर मात्र माझा खरा राग आहे. रिचर्ड ऑस्मनची 'द थर्सडे मर्डर क्लब' २०२० ला आली तेव्हापासून ही मालिका मी वाचतेय, केंटमधल्या निवृत्तांच्या वसाहतीत चार म्हातारी माणसं दर गुरुवारी बसून जुन्या न सुटलेल्या खुनांच्या फायली बघतात. विनोद भरपूर आहे. पण त्यातल्या एलिझाबेथचा नवरा स्टीफन स्मृतिभ्रंशाने हळूहळू हरवत चाललाय, आणि ती, जन्मभर हेरखात्यात काढलेली बाई, सगळ्या जगाचे खोटे चेहरे ओळखणारी, त्याच्यापुढे काहीच करू शकत नाही. २०२३ च्या चौथ्या पुस्तकात हा धागा जिथे जातो ते वाचून मी रात्री बराच वेळ दिवा न मालवता बसून होते. आमच्या घरात आजोबांचं असंच झालं होतं. ह्याला हलकंफुलकं म्हणणाऱ्याने पुस्तक चाळलंय, वाचलेलं नाही असं मी स्पष्ट म्हणेन.

मग माझा शब्द सांगते. घरोबा. 'घरोब्याची रहस्यकथा'.

कारण ह्या प्रकारात सुखद काय असतं तर मांजर, केक, चहाची किटली हे नाही, ती सगळी मुखपृष्ठावरची सजावट. सुखद असतं ते माणसांचं एकमेकांकडे जाणंयेणं, आणि खून सुटतो तोसुद्धा त्या जाण्यायेण्यातूनच. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल घ्या, १९३० ला तिची पहिली कादंबरी आली, ती बाई भिंगातून बघत नाही की राख तपासत नाही, ती म्हणते हा माणूस मला आमच्या गावातल्या अमक्यासारखा वाटतो, आणि गावातल्या अमक्याने काय केलं होतं ते तिला माहीत असतं. चार घरांच्या ओळखीवर तिचा अख्खा तपास चालतो. हा घरोबाच झाला ना.

आणि अलीकडची घ्यायची तर जेसी क्यू. सुतांतोची व्हेरा वाँग (२०२३). सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाऊनमधली साठीची विधवा, चहाच्या दुकानात सकाळी प्रेत सापडतं, पोलिसांवर तिचा भरवसा नाही म्हणून प्रेताच्या हातातली पेनड्राईव्ह स्वतःच ठेवून घेते (हे वाचताना मी मोठ्याने 'अगो बाय' म्हटलं). मग ज्यांच्यावर संशय त्यांनाच ती रांधून वाढते, त्यांच्या घरी जाते, त्यांच्या पोरीला सांभाळते. संशयितांशी घरोबा! रहस्य म्हणून ते पुस्तक मला मधेमधे सैल वाटलं, खुनी कोण ह्याची उत्सुकता शेवटी शेवटी राहत नाही, पण एकटी पडलेली बाई खुनाच्या निमित्ताने माणसं जोडते हे इतकं खरं उतरलंय की मी ते तीन जणींना आग्रह करून वाचायला दिलं.

उलट उदाहरण मुद्दाम कुठल्या एका पुस्तकाचं देत नाही, पण ढिगात अशी बरीच आहेत ज्यात बेकरी आहे, मांजर आहे, मागे पाककृती आहे, आणि खून मात्र शेवटी खुनी स्वतःच सगळं बोलून दाखवतो म्हणून सुटतो. गाव काढून टाकलं तरी गोष्टीला काही होत नाही. मी अशीच पारख करते, गाव काढून बघायचं.

प्रतिसाद, मडगावहून : ताई, एवढं लांब कशाला, आपल्याकडे तयार शब्द आहे की, 'सुशेगाद'. सुशेगाद रहस्यकथा. गोव्यात तरी कोणाला समजावून सांगावं लागणार नाही.

मी : भाऊ, मलाही आधी तोच सुचला होता. पोर्तुगीज सोसेगादोवरून आलेला, निवांत, शांत. पण दोन अडचणी आहेत. एक, ह्या गोष्टींत निवांत कोणीच नसतं, रॉबर्ट थॉरोगुडच्या मार्लो मर्डर क्लबमधली जूडिथ ७७ वर्षांची आहे आणि रात्री थेम्स नदीत पोहते, पोहतानाच तिला पलीकडच्या काठावर खून होतोय हे कळतं, पुढे तिघीजणी मिळून नुसत्या धावतायत. निवांत असतो तो वाचक. आणि दुसरी अडचण मनाला लागणारी, सुशेगाद हा शब्द पर्यटनाच्या जाहिरातींनी इतका वापरलाय की गोंयकार म्हणजे दुपारी झोपणारा असाच अर्थ बाहेर गेलाय. आपणच तो आणखी पातळ करू नये.

प्रतिसाद, डिचोलीहून : मी म्हणतो कोझीच ठेवा. बँक, टेबल हे शब्दसुद्धा बाहेरून आलेलेच की. फक्त कोजी लिहायचं की कोझी ते ठरवा, माझी मुलगी कोजी लिहिते.

मी : कोझी. आपल्या 'ज'चे दोन उच्चार, जगातला वेगळा आणि जीवातला वेगळा, आणि पुढे ई आली की तो जीवातलाच होतो, म्हणजे 'कोजी' वाचताना गुरुजी-बाबूजीसारखं होतं. मराठीत झेडसाठी झ वापरायची सवय आधीपासून आहे, टीव्हीवर हिंदीत नुक्ता देऊन ज़ी आणि मराठीत झी मराठी. शिवाय किटलीवर घालायची टीकोझी आपल्या घरांत कधीच येऊन बसलीय, आमच्या आत्याने विणलेली अजून आहे. तेव्हा शब्द अगदीच परका नाही हे तुमचं मान्य.

प्रतिसाद, मूळ पेडण्याचा, सध्या पुण्यात : 'शेजारपाजारची रहस्यकथा' कसं वाटतं? मला हे वाचून आमच्या वाड्यावरचा पोदेरच (पाववाला) आठवला. सकाळी सायकलवर भोंपू वाजवत येतो, कोणाच्या दारात आज उंडे घेतले नाहीत, कोणाकडे चारऐवजी दहा पोई गेल्या, त्याला सगळं माहीत. गोव्यात अशी कादंबरी लिहिली तर पहिला साक्षीदार तोच.

मी : अगदी अगदी! पोदेराचं मनापासून आवडलं, आणि नुसता साक्षीदार कशाला, तपास त्यालाच करू द्या ना, कोणाच्याही दारात उभं राहायला त्याला कारण लागत नाही. कोणीतरी लिहा हे. उत्सवातल्या नाटकाची तालीम, चवथीला गणपतीवरची माटोळी (फळाफुलांचं छत) बांधताना जमलेलं एकत्र कुटुंब, जत्रेची रात्र, आपल्याकडे एकेक प्रसंग असा आहे की सगळे संशयित आपोआप एका छपराखाली येतात. हरिणी नागेंद्र यांनी १९२१ चं बंगळूर घेऊन 'द बँगलोर डिटेक्टिव्ह्ज क्लब' लिहिलं (२०२२), त्यात नव्याने संसाराला लागलेली कावेरी आणि शेजारची उमा आंटी यांची जोडी किती छान जमलीय, मग डिचोलीचा बाजार का नको.

पण शब्द म्हणून शेजार आणि घरोबा ह्यात मी फरक करते. शेजार आयता मिळतो, घरोबा करावा लागतो, आणि तो तुटूही शकतो. ह्या गोष्टींतलं खरं दुःखही तिथेच असतं, खुनी निघतो तो बाहेरचा कोणी नसतो, ज्याच्याकडे आपण काल चहा प्यायलो तोच असतो. 'शेजारी निघाला' म्हटलं तर नुसतं आश्चर्य, 'घरोब्यातला निघाला' म्हटलं की पोटात खड्डा पडतो.

प्रतिसाद, डिचोलीहून : हे पटलं. पण चिठ्ठीवर फक्त घरोबा लिहिलंत तर लोक कौटुंबिक कादंबऱ्या समजून नेतील.

मी : हो, तो धोका आहेच. मग दोन ओळी करते. वर मोठ्या अक्षरात 'घरोब्याच्या रहस्यकथा', खाली बारीक 'कोझी'. अर्नाळकरांच्या कपाटाला 'धाडसी रहस्यकथा' करू का, का नुसतं 'झुंजार–काळा पहाड' पुरेल? ते नेणारे आजोबा नावानेच मागतात.