बायपासनंतर ध्यान: ए विंग ग्रुप

स्नेहल (५०३): बाबांच्या बायपासला ३ आठवडे झाले. झोप नाही, जरा धडधडलं की घाबरतात. इगतपुरीला विपश्यनेला पाठवू का?

मंजिरी (फिजिओ, २०१): आत्ता नको गं. तिथे १० दिवस, पहाटे ४ची घंटा आणि रोज १० तासांच्या आसपास बैठक. बाबांचं छातीचं हाड तारेनं बांधलंय, ते सांधायलाच ६ ते ८ आठवडे लागतात. घरीच ५ मिनिटांनी सुरू करा. जॉन कबात-झिन या अमेरिकन ध्यान-शिक्षकांच्या ८ आठवड्यांच्या कोर्सात बॉडी स्कॅन (शरीराच्या एकेका भागावर लक्ष फिरवायचं ध्यान) ४५ मिनिटांचा असतो, ते नंतरचं.

हाताची खुर्ची, पाठीला उशी, पावलं फरशीवर. मांडी नको, बायपाससाठी पायातली शीर काढली असेल तर सूज वाढते. लक्ष आधी तळव्यांवर: फरशी गार लागते का, चप्पल असेल तर पट्टा कुठे दाबतोय. मग पोटऱ्या, मांड्या, तळहात. छाती सध्या वगळा.

सुधीरकाका (१०४): छातीच वगळायची? लक्ष तर श्वासावर ठेवतात ना?

मंजिरी: काका, गडबड तिथेच होते. टाके ओढतात, ठोका मोठा वाटतो. तिकडेच लक्ष लावलं की माणूस ठोके मोजायला लागतो, घाबरतो, श्वास उथळ होतो, धडधड आणखी वाढते. तसं झालं तर लक्ष सरळ बाहेर न्यायचं, पंख्याच्या आवाजाकडे. श्वास बघायचाच तर नाकपुडीशी.



रेखाताई (निवृत्त सिस्टर, ३०२): कपालभाती, भस्त्रिका, कुंभक बंद. श्वास कोंडला की छातीतला दाब वाढतो, बीपी वरखाली होतं, झटक्यांचा हाडावर ताण येतो. खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरायची. बीटा ब्लॉकर (ठोके मंद करणारी गोळी) चालू असेल तर एकदम उठू नये, चक्कर येते. आधी पाय हलवून मिनिटभर बसायचं.

सुधीरकाका: मग गोळ्या कमी होतील?

रेखाताई: ध्यानामुळे नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशननंही २०१७ मध्ये ध्यान नेहमीच्या उपचारांच्या जोडीलाच म्हटलंय. आणि 'दुखणं नुसतं साक्षीभावानं बघा' हे इथे चालत नाही. छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात कळ, घाम आला तर डोळे उघडा आणि १०८ लावा. डॉक्टरांनी जिभेखालची गोळी दिली असेल तर ती बसूनच घ्यायची, बीपी उतरतं. हाडात कटकट वाजली, ताप आला, जखमेतून पाणी आलं, तर त्याच दिवशी सर्जनला दाखवा.

स्नेहल: बाबा घड्याळात ठोके बघत बसतात, त्याचं काय करू?

मंजिरी: घड्याळ ड्रॉवरमध्ये. ती ५ मिनिटं तरी.