जुन्या गाडीचा पुढचा खडखडाट आणि दोन दिवसांत उतरणारी बॅटरी

घाटवाट:
2009 ची पेट्रोल हॅचबॅक सेकंडहँड घेतली आहे, 1,12,000 किमी झालेत. खराब रस्त्यावर 20-30 च्या वेगात डाव्या पुढच्या चाकाकडून खडखड येते आणि ब्रेक दाबला की एकदाच 'ठक्' होतं. शिवाय गाडी दोन दिवस उभी राहिली की सेल्फ मारत नाही. बॅटरी 35 एएच (अँपिअर-तास), सात महिन्यांची. गॅरेजवाले दोन्ही शॉकअप आणि अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) बदला म्हणतात. त्याआधी घरी काय तपासू? मल्टिमीटर आहे.

पान्हा_बारा:
शॉकअप इतक्यात बदलू नका. ते गेले असतील तर तेल गळलेलं दिसतं, गतिरोधकावरून उतरल्यावर गाडी डुलत राहते. खडखडीसाठी आधी लिंक रॉड (गाडी वळणावर कलू नये म्हणून असलेल्या आडव्या बारला जोडणारी छोटी दांडी) बघा: चाकं जमिनीवर असताना रॉड धरून जोरात हलवा, टकटक हाताला लागली की तो गेला. काही छोट्या गाड्यांत लिंक रॉड नसतो, बार थेट लोअर आर्ममध्ये (चाकाला खालून धरणारा लोखंडी हात) जातो; तिथे बारचे रबर तपासा. ब्रेकचा 'ठक्' बहुतेक लोअर आर्मच्या मागच्या बुशाचा (सांध्यातलं रबर). गाडी जॅकवर घेऊन स्टँड लावा (नुसत्या जॅकवर खाली शिरू नका), बुशापाशी टॉमी (लोखंडी पहार) घालून आर्म ढकला. रबर चिरलेलं असेल किंवा आर्म सहज सरकत असेल तर बुश बदला.

खरी चूक बसवताना होते. चाक लटकत असतानाच आर्मचे बोल्ट आवळतात. मग गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुशही लवकर फाटतो. बोल्ट आधी ढिले ठेवा, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्या, मगच पूर्ण आवळा. त्यानंतर व्हील अलाइनमेंट.

अर्थिंग:
अल्टरनेटरचा निकाल दोन मिनिटांत लागतो. इंजिन चालू, बॅटरीवर 13.8 ते 14.4 व्होल्ट हवेत. मीटर एसी व्होल्टवर ठेवून पाहा, 0.5 च्या वर दिसलं तर अल्टरनेटरमधल्या डायोडवर (एसीचा डीसी करणारा भाग) संशय घ्या. मग हेडलाइट आणि ब्लोअर लावून बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन ब्लॉकपर्यंत मोजा. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंगची पट्टी (बॅटरीचा निगेटिव्ह इंजिनला जोडणारी) गंजली आहे.

बॅटरी उतरते ती गळतीने, म्हणजे गाडी बंद असतानाही काहीतरी करंट खातं. चावी बंद, दारं बंद, निगेटिव्ह वायर काढून ती आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्या मधे मीटर जोडा, प्रोब 10 अँपिअरच्या भोकात. अर्धा तास थांबा. 50 मिलिअँपिअरच्या आत हवं. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, त्याचा फ्यूज उडेल.

घाटवाट:
चार्जिंग 14.1, एसी 0.03, अर्थिंग 0.08. गळती मात्र 430 मिलिअँपिअर! रेडिओ आणि आतल्या दिव्याचा फ्यूज काढला की 20 वर येते. आतला दिवा बंदच आहे. लिंक रॉडही टकटकतोय.

अर्थिंग:
430 मिलिअँपिअर म्हणजे 48 तासांत साधारण 20 एएच, बॅटरीचा अर्ध्याहून जास्त जीव. स्टिरिओ बाहेरचा बसवलेला असेल तर मागची लाल आणि पिवळी वायर एकत्र पिळली आहे का बघा. पिवळी कायम करंटची, लाल चावीची; एकत्र असल्या की चावी काढली तरी स्टिरिओ करंट खात राहतो. लाल वेगळी करून चावी बंद असताना 0 आणि एसीसीवर (चावीचा पहिला टप्पा) 12 व्होल्ट दाखवणाऱ्या वायरला जोडा. जोडावर टेप नको, उन्हात तिचा गोंद वितळतो. हीटश्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा आणि पुन्हा मोजा.