मदत हवी आहे: पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या यजमानांचे मत नेमके कसे जाणून घ्यावे?

नमस्कार.

गेल्या दिवाळीच्या सुमारास माझ्या यजमानांच्या मेंदूच्या डाव्या भागातील रक्तवाहिनीत गुठळी अडकून त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला व बोलणे जवळजवळ पूर्ण थांबले. झटका झोपेत आल्यामुळे तो केव्हा सुरू झाला हे सांगता येईना, आणि गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागत असल्याने ते देता आले नाही. मिरजेच्या रुग्णालयातील उपचारांनंतर ते आता घरी आहेत. आम्ही सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. मुलगा आणि सून नोकरीनिमित्त पुण्यात असतात. यजमान माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक आहेत.

शुश्रूषेचा शारीरिक भाग आता बराचसा बसला आहे. दर दोन तासांनी कूस बदलणे, हवेची गादी, लुळ्या हाताखाली उशी, उठवताना तो हात न ओढणे (खांद्याचा सांधा सैल पडतो, असे फिजिओथेरपिस्टनी पहिल्याच दिवशी बजावले होते), हे सर्व मी आणि दिवसा येणाऱ्या मावशी मिळून करतो. घोट्याला पट्टा बांधून व काठी धरून ते खोलीतल्या खोलीत चालतात. नाकातील नळी निघाली आहे. पाणी आणि पातळ आमटी घशात नीट उतरत नाही व ठसका लागतो, म्हणून पातळ पदार्थ पावडर घालून दाटसर करून देतो, त्यांना ताठ बसवून हनुवटी किंचित खाली ठेवायला सांगतो आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ देत नाही. या बाबतीत मला फारसे विचारायचे नाही.

माझी अडचण वेगळी आहे. त्यांच्या मनात काय आहे हे मला खात्रीने कळत नाही, आणि ते न कळताच त्यांच्या आयुष्याचे निर्णय आम्ही इतर माणसे घेऊ लागलो आहोत.

डॉक्टरांनी या अवस्थेला वाचाघात म्हटले आहे. यात बुद्धी जात नाही, भाषेची वाट बंद होते. आमच्याकडे येणाऱ्या अनेकांना हे सांगूनही पटत नाही, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहिते. यजमानांना आपण बोलतो ते बऱ्यापैकी समजते, पण लांबलचक वाक्य किंवा एकाच वेळी दोन माणसांचे बोलणे समजत नाही. स्वतः बोलताना एखादाच शब्द येतो आणि तोही कधी भलताच, म्हणजे चष्मा हवा असताना ‘किल्ली’. चुकीचा शब्द गेला हे त्यांना लगेच कळते आणि त्याचाच त्यांना सर्वांत जास्त त्रास होतो. ‘बोलता येत नसेल तर पाटी द्या, लिहून सांगतील,’ असे बरेच जण सुचवतात. परंतु या आजारात लिहिण्याची भाषाही तितकीच बिघडलेली असते. डाव्या हाताने अक्षरे गिरवता आली तरी हवा तो शब्द उमटत नाही. मोबाइलवरील अक्षरफलकाचेही तेच झाले.

याउलट जे पाठ आहे ते सलग बाहेर पडते. एकोणतीसचा पाढा ते न अडखळता म्हणतात, संध्याकाळी आरतीत शब्द जुळवतात, पण ‘किती पोळ्या वाढू?’ या प्रश्नाला आकडा येत नाही. पाठांतराची, गाण्याची आणि मोजणीची भाषा मेंदूत काहीशी निराळ्या मार्गाने चालते, असे वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंनी समजावले. याच तत्त्वावर १९७० च्या दशकात अमेरिकेत बोस्टन येथे सुरावर आधारलेली एक उपचारपद्धती तयार झाली. तिच्या धर्तीवर बाईंनी आम्हाला छोटी वाक्ये दोन स्वरांत म्हणायला शिकवली. प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने टेबलावर थाप द्यायची. ‘पाणी द्या’ आणि ‘आत चला’ ही दोन वाक्ये ते आता अशा रीतीने स्वतःहून म्हणतात. मला हे फार मोठे वाटते. ज्यांनी ही पद्धत मराठीत करून पाहिली आहे त्यांनी कोणती वाक्ये आधी घेतली आणि सूर हळूहळू सोडून साध्या बोलण्याकडे कसे आणले, हे कृपया लिहावे. बाई आठवड्यातून एकदाच आणि तेही व्हिडिओ कॉलवर भेटतात, त्यामुळे मधल्या दिवसांचा सराव माझ्यावरच आहे. त्यांनी पाठवलेली चित्रे बहुतांशी इंग्रजी संचातली आहेत. त्यात टोस्टर आहे, भाकरी नाही. म्हणून मी घरातल्याच वस्तूंचे, माणसांचे आणि जागांचे फोटो काढून मोठ्या आकारात छापून घेतले आहेत. मराठी घरासाठी तयार केलेला असा संच कोणाकडे असेल, किंवा मुंबईला वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत अथवा नायर रुग्णालयाच्या वाचा-उपचार विभागात प्रौढ रुग्णांसाठी मराठी साहित्य मिळते का हे कोणाला अनुभवाने माहीत असेल, तर सांगावे.

आता मुख्य प्रश्न. यजमानांचे ‘हो’ आणि ‘नाही’ भरवशाचे नाही. ‘चहा हवा का?’ याला ‘हो’ म्हणतात आणि ‘चहा नको का?’ यालाही ‘हो’च म्हणतात. सुरुवातीला घरातील सर्वांनी त्या ‘हो’वर विसंबून बऱ्याच गोष्टी ठरवल्या. आता मी तोंडी प्रश्नाऐवजी दोन खऱ्या वस्तू किंवा दोन फोटो समोर ठेवते, बोट ठेवायला सांगते, आणि मनातल्या मनात दहा अंक होईपर्यंत काही बोलत नाही, कारण मध्ये बोललो की त्यांची जुळवाजुळव मोडते. थोड्या वेळाने फोटोंची जागा बदलून पुन्हा विचारते. दोन्ही वेळा एकच निवड आली तर ती त्यांची इच्छा असे धरते. कपडे, जेवण, कोणाला भेटायचे आणि कोणाला नाही, एवढ्यापुरते हे चांगले चालते. दूरदर्शन बंद असावा, खोलीत एकच माणूस असावे आणि वेळ सकाळची असावी, एवढी पथ्ये मात्र पाळावी लागतात. संध्याकाळी दमल्यावर तीच निवड उलटसुलट येते.

परंतु मोठ्या निर्णयांना हे पुरत नाही. मुलाचे म्हणणे असे की आम्ही दोघांनी पुण्याला राहायला यावे, म्हणजे वाचा-उपचार आणि फिजिओथेरपी समोरासमोर रोज होईल. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, हे खरे असल्याने त्याची घाई मला समजते. भाषा त्यानंतरही वर्षानुवर्षे सुधारू शकते हेही तितकेच खरे आहे. यजमानांचे सगळे आयुष्य या गावात गेले. त्यांचे जुने विद्यार्थी रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसतात आणि त्यांच्यातल्या एका-दोघांसमोर ते माझ्यापेक्षाही जास्त बोलण्याचा प्रयत्न करतात. मी या घराचा आणि पुण्याच्या घराचा फोटो समोर ठेवला, तेव्हा त्यांनी आधी या घरावर हात ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी नातवाचा फोटो शेजारी होता म्हणून की काय, पुण्याच्या घरावर. यातून मी काय समजावे? ‘कायमचे जाणे’ आणि ‘उपचारापुरते जाणे’ यांतला फरक चित्राने कसा दाखवावा? मी दिनदर्शिकेची पाने वापरून, तीन महिन्यांची पाने पुण्याच्या फोटोखाली आणि पुढची पाने आमच्या घराच्या फोटोखाली, अशी मांडणी करण्याचा विचार करीत आहे. कोणी असे काही केले असल्यास ते कितपत समजले, हे जाणून घ्यायचे आहे.

त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी ‘यांना काय कळतंय’ असे बोलले जाते तेव्हा ते डोळे मिटून घेतात. नातेवाइकांना मी आता दारातच सांगते की त्यांच्याकडे पाहून, एका वेळी एकच गोष्ट बोलावी, आवाज चढवू नये, कारण त्यांना ऐकू येते. काहींना ते आवडत नाही, पण त्याला माझा इलाज नाही. त्यांना मध्येच अनावर रडू येते, ते दर वेळी दुःखाचे नसते, मेंदूचा ताबा सुटल्यानेही येते, असे डॉक्टर म्हणाले. खिन्नतेचे औषधही वेगळे सुरू आहे. एखाद्या निर्णयाविषयी विचारताना असे रडू आले, तर तो नकार मानावा की नाही, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

बँकेचाही प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. निवृत्तिवेतनाचे खाते एकट्याच्या नावावर आहे आणि उजव्या हाताची सही आता होत नाही. आजारी खातेदाराला सही करता येत नसेल तर त्याचा अंगठा बँकेला माहीत असलेल्या दोन साक्षीदारांसमोर घ्यावा आणि त्यातला एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. शाखेत मात्र सही जुळत नाही एवढेच उत्तर मिळते. घरी येऊन अंगठा घेण्यासाठी लेखी अर्ज कोणत्या शब्दांत करावा? आणि अंगठा देण्याआधी तो कशासाठी आहे हे यजमानांना समजले आहे, याची खात्री अधिकाऱ्यासमोर कशी पटवून द्यावी? त्यांना न समजता त्यांचा हात धरून कागदावर टेकवणे मला मान्य नाही. तसेच २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील वाचा व भाषा दिव्यांगत्वाच्या व्याख्येत वाचाघाताचा उल्लेख आहे. तर पक्षाघातानंतर साधारण किती महिन्यांनी जिल्हा रुग्णालयात प्रमाणपत्रासाठी तपासणी करून घेणे योग्य ठरते, हे अनुभवी सदस्यांनी सांगावे.

पुण्यातील घराबाबत मुलाला या महिनाअखेरीस कळवायचे आहे, म्हणून दोन घरांच्या निवडीविषयीच्या प्रश्नावर ज्यांना काही सुचवता येईल त्यांनी शक्य झाल्यास आधी लिहावे. बाकीच्या प्रश्नांना उशिरा उत्तर आले तरी चालेल.