कशाकशावर विश्वास ठेवला होता! तुमचे किस्से येऊ द्या

परवा माळा आवरताना कॉलेजची डायरी सापडली. दोन पानं वाचली आणि लाजेने कान गरम झाले. तुम्हीही लिहा, सुरुवात मीच करते.

21 सप्टेंबर 1995. गणपती दूध पितोय म्हणून नौपाड्यात दुधाची पिशवी मिळेना. मी बी.एस्सी.ला, फिजिक्सवाली, वर अंधश्रद्धेवरच्या वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळवलेली. भोंदूपणा उघडा पाडायचा म्हणून रांगेत उभी राहिले. चमचा सोंडेला टेकवला, तर दूध सर्रकन गायब! धावत घरी. "आजी, खरंच पितो गं!" आजी जाऊन आली. "पितो ना. मग पोटावरून ओघळ कसले? फरशीवर माझा पाय सटकला." चमच्यातलं दूध ज्यामुळे सोंडेकडे ओढलं जातं, त्या पृष्ठताणाचं प्रकरण मी आदल्याच आठवड्यात पाठ केलं होतं.

वाशीकर: तुमचं चमचाभर दूधच गेलं की हो! मी 1994 मध्ये ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीत लागलो आणि पहिल्या बोनसचे पाच हजार सागवानात घातले. आज चार झाडं घ्या, 20 वर्षांनी लाखो रुपये. हिरव्या किनारीचं सर्टिफिकेट आलं, त्यावर झाडांचे नंबरसुद्धा. मुलगी बघायला गेलो तेव्हा नोकरीच्या आधी झाडं सांगितली. सासरे शेतकरी. त्यांनी एवढंच विचारलं, "पाणी कोण घालतं?" असल्या योजनांसाठी सेबीचे नियम आले 1999 मध्ये. तोवर ऑफिसचं शटर कायमचं खाली आणि फोन 'अस्तित्वात नाही'. सासरे अजून दर पावसाळ्यात विचारतात, "जावईबापू, झाडं काय म्हणतायत?"

उलवेवाली: आम्ही 2010 ला फ्लॅट घेतला. नवी मुंबईचा विमानतळ "दोन वर्षांत". ह्यांनी विमानं बघायला बाल्कनीत वेताची खुर्ची आणली. पहिलं प्रवासी विमान उडालं 25 डिसेंबर 2025 ला. खुर्ची केव्हाच भंगारात गेली होती, ह्यांनी उभ्याने बघितलं.

कोपरीकर: आमचा किस्सा फसवणुकीचा नाही, म्हणजे आम्हीच आम्हाला फसवलं. तलावपाळीच्या कट्ट्यावर भेळ खाता खाता पाच जणांनी शपथ घेतली: हुंडा नाही, मानपान नाही, लग्न रजिस्टरच. वहीच्या कागदावर पाच सह्या. त्यातल्या सगळ्यात जहाल मित्राचं लग्न पहिलं लागलं. घोडा, बँड, सहाशे पान. मला म्हणाला, "आईचा हट्ट रे." आणि पंगतीत आग्रह करकरून जिलबी वाढत फिरला. मी मात्र शब्द पाळला. नोटीस दिली, 30 दिवस थांबलो, सही केली. बायकोच्या मावश्या आजही म्हणतात, "ह्यांचं लग्न कुठे झालंय? नोंद झालीये."

कागद अजून माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी त्याच मित्राची मुलगी घरी आली, तिलाही रजिस्टरच करायचंय आणि बाप हॉल बघत फिरतोय. तिने विचारलं, "काका, ह्यात बाबांची सही कुठली?"

मी चिंचेच्या चटणीच्या डागावर बोट ठेवलं.