एमटी टायर नाहीत तर ऑफ-रोड नाही म्हणे!

खडखडाट: ‘एटी (ऑल-टेरेन, सगळीकडे चालणारे) टायर म्हणजे नुसता दिखावा, खरं ऑफ-रोडिंग एमटीवरच (मड-टेरेन, चिखलाचे टायर)’ असं चिखलवीर काल ठोकून गेले. उचलली जीभ, लावली टाळ्याला! एमटीच्या रुंद खाचांमुळे ओल्या डांबरावर रबर टेकतंच कमी, मग ब्रेक लागायला अंतर जास्त. सैल वाळूत ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला की तेच ठोकळे फावड्यासारखे खणत सुटतात आणि गाडी पोटावर बसते.

चिखलवीर: आणि चिकणमातीत? एटीच्या बारीक खाचा चार फेऱ्यांत लिंपून जातात, राहतो गुळगुळीत टायर. एमटी फिरता फिरता चिखल भिरकावून मोकळा होतो.

खडखडाट: चिखलापुरतं मान्य. वर्षातले किती दिवस असता चिखलात?

बारा_नंबरचा_पाना: नक्षीवरून कसले भांडताय? आधी हवा बघा. 34 पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) वाळूत उतरलात तर कुठलाही टायर रुततो. वाळूत 16-18, दगडधोंड्यांत 22-25. गाडीवर लादलेलं वजन जास्त असेल तर थोडी वर. हवा उतरवल्यावर टायर ‘रुंद’ होतो हाही गैरसमजच. टेकणारा पट्टा मुख्यतः लांब होतो.

चिखलवीर: 10 वर आणल्याशिवाय पकड नाही.

बारा_नंबरचा_पाना: बीडलॉक (टायरची कड रिमला आवळून धरणारं कडं) नसलेल्या रिमवर 10? स्टिअरिंग झटक्यात फिरवा, टायरची कड रिम सोडते. मग वाळूत फळी ठेवल्याशिवाय जॅकही उभा राहत नाही. डांबरावर आल्यावर हवा न भरता पळवलंत तर साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) वाकून वाकून तापते, आतले धागे तुटतात. बाहेरून काही दिसत नाही, फुटतो नंतर. साइडवॉल गेली की पंक्चरच्या भोकात कोंबायची रबराची वातही कामाची नाही.

स्टेपनी_उवाच: रुंदीचं निघालंच आहे तर, 235/85 आर16 आणि 265/75 आर16 (पहिला आकडा रुंदी, मिमीमध्ये) यांच्या उंचीत फरक जेमतेम 2 मिमी. अरुंद टायर चिखल कापून खालच्या घट्ट थराला लागतो.

चिखलवीर: थर असला तर! नसला की सरळ ॲक्सलपर्यंत.

स्टेपनी_उवाच: म्हणून वाळूत रुंद, कोण नाही म्हणतंय? पण चार टायर नव्या मापाचे आणि स्टेपनी जुन्या मापाची, हे धंदे बंद करा. ती स्टेपनी लावून पुढच्या-मागच्या चाकांचा व्यास वेगळा असताना पार्ट-टाइम फोर-बाय-फोर (पुढची-मागची चाकं एकत्र जखडणारी) लावलीत तर कडक जमिनीवर सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी).

चिखलवीर: बरं, पंडित हो, वाळूत एटी. चिखलात अडकलात की दोर मात्र माझाच मागाल.

बारा_नंबरचा_पाना: मागू. फक्त तो टो-बॉलला (ट्रेलर जोडायचा मागचा गोळा) अडकवू नका. बॉल तुटला तर गोळीसारखा काच फोडून आत येतो. दोर लावायचा तो रिकव्हरी पॉइंटला (गाडी ओढायला दिलेली मजबूत जागा), शॅकलने (पिन असलेली लोखंडी कडी).